इवायांचा सात नंबर

आमचे इवाई एकवेळ यमाला ‘हो’ म्हणतील, पण कॉम्प्युटरला ‘हो’ म्हणायचे नाहीत. त्यांच्या या थोर स्वभावाला सुधारायची दुर्बुद्धी मला झाली आणि एका मंडईच्या दिवशी, त्यांच्या घरात, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्या वतीनं मीच ‘हो’ म्हणून टाकलं. डास मारायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मी एक अख्खं तीन अंकी नाटक गिळलं, एक नाटक कंपनी मुकी केली आणि लेकीच्या सासरी पुन्हा कोणत्या तोंडानं जायचं, हा प्रश्न स्वतःसमोर उभा केला. तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. साठी म्हणजे तसं अल्लडच वय. पाय जमिनीवर नसतात.

इवाई म्हणजे व्याही. पुण्यामुंबईकडे व्याही-विहीण म्हणतात, आमच्या भागात इवाई आणि ईन. इवाई-ईन यांनी एकमेकांना टोचून बोलणं हा आमच्याकडे मानपानाचाच भाग. न टोचता जेवून उठलात तर समोरच्याला वाटतं, काही बिनसलं का. मी घुग्घुसची, कोळशाच्या धुळीत वाढलेली. इवाई वडशाचे, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर. धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, मंडईला पाहुणे येतात आणि पाहुण्यांसाठी नाटक हवंच. या नाटकांची एक रीत बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला थाप वाटते. नट वाक्यं पाठ करून येतच नाहीत. आज या गावात एक नाटक, उद्या जंगलापलीकडच्या गावात दुसरं. पाठ करायचं कोणी आणि केव्हा? रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खाली, प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य सोडतो, नट ते वरच्या वर झेलतो आणि मागच्या चटईवरच्या म्हातारीपर्यंत भिरकावतो. म्हातारी रडते. प्रॉम्प्टर पान उलटतो.

आमचे इवाई एका कंपनीचे असे प्रॉम्प्टर होते, आणि ती सवय त्यांच्या हाडात मुरली होती. कोणी बोलता बोलता अडखळलं की पुढचा शब्द ते हलक्या आवाजात सोडणार, मग समोर कलेक्टर असो की न्हावी. आमच्या लेकीच्या लग्नात भटजींना ठसका लागला, तर इवायांनी मुलाचा बाप म्हणून मिळालेली खुर्ची सोडून, खाली वाकून, ‘सावधान’ पुरवलं. एकदा कोणाच्या घरी भेटायला गेलो होतो. नवरा गेलेली बाई हुंदके देत म्हणत होती, “ते गेले आन् मी...” आणि तिथंच थांबत होती. दोनदा थांबली. इवाई तोंडावर रुमाल धरून म्हणाले, “एकटी पडली.” बाईनं ते वाक्य उचललं आणि पुढं नीट, मन मोकळं करून रडली. मी चहाला नको म्हणायला तोंड उघडलं की “अर्धा चालीन” हे माझं वाक्य तेच टाकून मोकळे होत. खेळाच्या दिवशी ते दाढी करून, पावडर लावून, इस्त्रीचा सदरा घालून निघत. “खाली बसलेल्या मानसाले पाह्यते कोन?” मी एकदा विचारलं. “नट पाह्यते ना,” ते म्हणाले. “भेदरला का तो माझ्याच तोंडाकडं पाह्यते. तोंड साजरं पाह्यजे.”

कंपनीची नाटकं टाइपही तेच करत. त्यासाठी समोरच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर, त्यांच्या भाषेत, ‘सात नंबर’ होता. ज्याच्या जोरावर अख्खं यंत्र चालतं त्या मूळ प्रणालीला आमच्याकडे सगळे नंबरानंच ओळखतात. सातवर त्यांचा मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम चाले, त्याची स्वतःची अक्षरं होती, आणि तो उघडायला यंत्राच्या पाठीत पेनड्राइव्हसारखी एक चावी खुपसून ठेवावी लागे. सकाळी यंत्र सुरू केलं की ते समोर बसत नसत. “उठू दे त्याले आरामात,” असं म्हणून अंगणात जात, चूळ भरत, तुळशीला पाणी घालत आणि मग घसा खाकरून आत येत, जसं सासऱ्यानं सुनेच्या खोलीत यावं. इंटरनेटची तार बिस्किटाच्या डब्यात. पोस्टर छापखान्यात पाठवायचं असेल तेवढ्यापुरती ती जोडायची, काम झालं की काढून गुंडाळायची. “तार जोडून ठेवली का कोनीबी घरात शिरते,” हे त्यांचं मत.

आणि शिरलंच होतं. जोडलेल्या तेवढ्या वेळात थोडं थोडं करत दहा नंबरचं सगळं सामान आत येऊन बसलं होतं आणि रोज सकाळी पडद्यावर चौकट येई: नवीन प्रणाली तयार आहे, फुकट आहे, आता घेता का? इवाई कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून तिला घालवत, अंगणातली कोंबडी हाकलावी तशी.

मंडईला मी दोन दिवस आधी पोचले आणि ती चौकट पाहून माझे हात शिवशिवायला लागले. माझी बिशाद काय होती ते सांगायला हवं. मी कोळसा खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा वर्ग करून सर्टिफिकेट मिळवलं होतं आणि ते फ्रेम करून, देवांच्या बरोबर वर, म्हणजे देवांनाही मान वर करून बघावं लागेल असं टांगलं होतं. नाटक कंपनीचे मालकही त्या संध्याकाळी आले होते. वाद पेटायला तेवढं पुरलं.

“इवाई, साऱ्या दुनियेनं दहा घेतलं,” मी म्हटलं. “सातले आता कीड लागते. बनवनारी कंपनी त्याच्यावर औषध फवारनं बंद करून राह्यली.”

“माझ्या घरात कीड येते कुठून? तार डब्यात हाये.”

“भाऊ, दहा लवकर उठते म्हंतात,” मालक म्हणाले. “पोस्टर पटपट होईन.”

“लवकर उठून त्याले का दूध काढाचं हाये? मले टाइम हाये.”

“फुकटात देऊन राह्यले ना!”

“तेच त म्हंतो. फुकट देनारा मानूस आजपावतर परत मांगाले आला नाई असं झालंय का? आन् माझा टायपिंगचा प्रोग्राम त्याच्यावर चालते का, कोनी लिहून देते?”

“नव्यात मराठी आतच राह्यते. वेगळा प्रोग्राम कायले?” मी म्हटलं.

इवायांनी सुपारी कातरायची थांबवली. “ईनबाई, सून चांगली नांदून राह्यली असन तं कोनी बदलते का?”

हा टोला माझ्या लेकीची तारीफ करत मलाच गप्प बसवणारा. पण मीही ईन होते. “सून नाई बदलत, पन घराले रंग त मारता का नाई?”

“जग दहावर गेलं भाऊ,” मालकांनी उसासा सोडला.

“जाऊ द्या. वापस येईन तवा मी इथीच सापडन.”

मालक हसले, पण जाता जाता उंबऱ्यात जे बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. “भाऊ, ह्या वर्षी नवा खेळ हाये, पयला प्रयोग हाये. मागच्या साली तुमचा आवाज दोनदा बसला. लोकं मले म्हंतात, एखादा जवान पोरगा बसवा खाली. मी तुमच्यासाठी थांबलो. पन हा खेळ पडला, तं मंग माझ्या हातात नाई.” इवायांनी अडकित्ता उचलला. सुपारी मात्र फार बारीक कातरली गेली.

नाटक सगळं त्या यंत्रात होतं आणि यंत्रातच होतं. लेखक तोंडानं सांगे, इवाई टाइप करत. कागदावर ओळसुद्धा नाही. आणि छापायचं खेळाच्या दिवशी दुपारीच, कारण त्या त्या गावच्या गमती शेवटपर्यंत घालाव्या लागतात, आणि इवायांच्या मते आधी छापलेली संहिता रात्रीपर्यंत शिळी होते. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी खेळाच्या दिवशी सकाळी, ते दाढीला गेलेले, विहीणबाई आणि लेक मागच्या अंगणात वडे तळत असलेल्या, अशा वेळी खुर्चीत बसले. चौकट आली. मला वाटलं, दाढी करून येतील तर लखलखीत नवा पडदा बघून चकित होतील, आणि म्हणतील, ईनबाई, तुमचंच खरं. एवढ्या एका वाक्यासाठी मी बटण दाबलं.

पडदा निळा झाला. ‘यंत्र बंद करू नका’ अशी सूचना आली आणि खाली एक आकडा चढायला लागला. तो असा चढत होता जशी घाटातली भरलेली बैलगाडी. थोडा चढे, थांबे. इतका वेळ थांबे की मला वाटे, आता उलटी घरंगळणार. वरचा दिवा मिणमिणला. मंडईच्या दिवशी गावात सगळीकडं लाउडस्पीकर आणि लायटिंग, वीज केव्हा जाईल नेम नाही. मी दिव्याकडं बघू, की आकड्याकडं, की रस्त्याकडं! विहीणबाई वड्यांची ताटली घेऊन आल्या, पडदा पाहिला आणि ताटली माझ्या हातात न देता तशीच परत घेऊन गेल्या. दारातून म्हणाल्या, “हे का केलं वो, ईनबाई? त्यायचं नाटक हाये ना त्याच्यात!”

पावडरचा वास आधी आला, मग इवाई. ते माझ्या पाठीमागं उभे राहिले. मी वळले नाही. वळायची हिंमत नव्हती. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त दारात काढलेल्या चपला परत घालून अंगणात गेले आणि तुळशीपाशी उभे राहिले. तुळशीला सकाळीच पाणी घातलं होतं, तरी पुन्हा घातलं.

आकडा पुरा झाला. दहा नंबरनं आमचं गोड स्वागत केलं, सगळं जिथल्या तिथं असल्याची ग्वाही दिली. नाटकाची फाइल तिथंच होती. पण जुना प्रोग्राम उघडेना. चावी काढून घातली, फुंकर मारून घातली, देवाचं नाव घेऊन घातली. दुसरीकडून फाइल उघडली तर पहिला अंक, दुसरा अंक, तिसरा अंक, सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. नायिकेच्या रडण्याच्या जागी नुसते कंस आणि टिंबं. इवायांनी चष्मा लावून ते पाहिलं, आणि चष्मा काढला.

तेवढ्यात मालक टेम्पो घेऊन आले. लेखकाला फोन लावला. तो मुलचेऱ्याकडच्या गावात दुसऱ्या कंपनीबरोबर, जंगलात रेंज नाही. मालकांनी नागपूरच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मागे जायची सोय आहे, पुन्हा सात करता येतं, पण वेळ लागेल आणि मधे वीज गेली तर काहीच हाती राहणार नाही. दिवा पुन्हा मिणमिणला.

आणि मग त्या खोलीत असा वाद झाला की परवाचा वाद उलटा टांगलेला बघावा. मी, दहाची वकील, काकुळतीनं म्हणत होते, “वापस चला, सातच बरं होतं.” मालक म्हणत होते, “हो हो, सातच करा.” आणि इवाई, ज्यांनी फुलीशिवाय कशावर टिचकी मारली नव्हती, ते म्हणाले, “नाई. नदीत अर्ध्यात बैल बदलत नसतात. आता दहा तं दहा.”

“पन नाटक?” मालक ओरडले.

“नाटक टाइप मी केलं ना? मंग थोडंफार माझ्यातबी असन.” ते माझ्याकडं वळले. सकाळपासून पहिल्यांदा. “ईनबाई, मराठी आतच राह्यते म्हंत होत्या. काढा बाहेर. मी बोलतो.”

मी काढलं. देवांच्या वर टांगलेल्या सर्टिफिकेटचा आयुष्यात एकदा उपयोग झाला तो असा. ते डोळे मिटून, मागं हात बांधून खोलीत फेऱ्या घालत बोलू लागले. बापाचं बापाच्या आवाजात, खलनायकाचं खलनायकाच्या, नायिकेचं तर इतक्या लाडिक आवाजात की एरवी ऐकलं असतं तर मी हसून खुर्चीवरून पडले असते. हसायला सवड नव्हती. माझी बोटं पळत होती. चुकलं तरी मागं फिरायचं नाही. बाहेर टेम्पोत नट येऊन बसले होते, हॉर्न वाजत होता, मालक दारात येऊन परत जात होते. पहिला अंक झाला. दुसरा झाला. इवायांचा आवाज चिरकू लागला. विहीणबाईंनी कोमट पाण्याचा गडवा पुढं केला, त्यांनी डोळे न उघडता घेतला.

तिसऱ्या अंकात लेक सासरी निघते आणि बाप तिला काही सांगतो. त्याच एका प्रसंगावर मालकांनी खेळ विकला होता. “पोरी...” इवाई म्हणाले, आणि थांबले.

मला वाटलं, श्वास घेताहेत. पण ते पुन्हा “पोरी” म्हणाले, आणि पुन्हा थांबले. डोळे उघडले. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघणारा नट दिसला; फक्त आज खाली मी बसले होते. हॉर्न वाजला. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, कपाळावरची पावडर घामानं ओघळत होती. माझ्या तोंडून कुठून कोण जाणे, हलक्या आवाजात निघून गेलं, “मागं वळून पाहू नोको. मी दारात दिसनार नाई. घरात काम बहुत पडलं हाये.”

इवायांनी माझ्याकडं क्षणभर फार विचित्र नजरेनं पाहिलं. मग डोळे मिटले. “हं. पुढं लिहा.” आणि शेवटच्या पडद्यापर्यंत ते कुठं अडले नाहीत.

छापायची आज्ञा दिली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. सातवर जो प्रिंटर दर खेपेला रुसायचा आणि थापटल्याशिवाय चालायचा नाही, त्याला दहानं न सांगता ओळखलं. कागद भराभर बाहेर आले. इवाई ते गरम कागद छातीशी धरून म्हणाले, “हा एक गुन चांगला हाये त्याचा.” इतकी न्यायबुद्धी मला माझ्या खाणीच्या ऑफिसातही दिसली नव्हती.

खेळ पलीकडच्या गावात होता; टेम्पोत मी मागं बसून गेले, आणि नाटकभर चटईचा कोपरा मुठीत आवळून बसले. काय पाहिलं ते सांगता येणार नाही. नटानं तोंड उघडलं की माझा जीव जाई, वाक्य पडलं की परत येई. बापाचं वाक्य आलं तेव्हा माझ्या शेजारची अनोळखी बाई पदरात तोंड खुपसून रडली आणि मला म्हणाली, “अशीच बोल्ली होती माही माय.” मालकांनी पडदा पडल्यावर नवीन प्रॉम्प्टरचं नाव काढलं नाही. त्यानंतरही कितीतरी मोसम काढलं नाही.

महिन्याच्या आत मागं जायची सोय होती म्हणून आम्ही पुन्हा सात करून घेतलं. बटण मी दाबलं, इवायांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. ते यंत्र अजून आहे. शाल पांघरून. बाहेर आता अकरा नंबर आला आहे आणि माझ्या घरच्या पडद्यावरही चौकट येते. मी फुलीवर टिचकी मारते, कोंबडी हाकलावी तशी. नातवंडं हसतात. इवाई आता खाली बसत नाहीत. आवाज गेला, आणि हल्ली बोलता बोलता शब्दही हातून निसटतात. चहाला हो म्हणायचं की नको, तिथंच ते अडतात. मग मीच म्हणते, “अर्धा चालीन.” ते मान डोलावतात.

पण त्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पोतून परत येताना, शब्द त्यांच्याकडं भरपूर होते. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवर दव होतं, नट एकमेकांच्या खांद्यावर झोपले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, “इवाई, माझी...” आणि नेहमीप्रमाणं पुढचा शब्द त्यांनी मला बोलू दिला नाही. कागदांची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली आणि बसलेल्या आवाजात म्हणाले:

“लग्नात मांडवामागं तुमी पोरीले जे बोल्ल्या, ते मी आयकलं होतं, ईनबाई. घरात काम बहुत पडलं हाये. मीच ते लेखकाले देलं, तुमाले न इचारता. काल तुमी माझं सात घेतलं, मले न इचारता. आता फिटमफाट झाली. पन पोरगी माझ्या घरी सुखात हाये, तवा कवामवा मागं वळून तुमीबी पाहत जा.”